माठासारखी मुरवलेली खोली

"साहेब, मीटर पयस! या अन् धरा त्याले!"

फोनवर धरणगावचे नाना होते. आवाज असा, की मधे फोन नसता तरी जळगावात मला स्पष्ट ऐकू आला असता.

"नाना, मीटर कसं पळेल? भिंतीलाच आहे ना?"

"भिंतलेच शे. पन भिंतवरच पयस. बठ्ठी गल्ली सांगस, मीटर खराब शे."

मी उभी हयात वीज कंपनीत मीटर टेस्टिंगला काढली. रिटायर झाल्यावर लोकांच्या घरी जाऊन बिल का वाढलं ते शोधून देतो. पळणारी मीटरं मी इतकी ऐकली आहेत, की ती सगळी खरोखर पळाली असती तर पहिलं एव्हाना सुरतेला पोचून कापडाच्या धंद्याला लागलं असतं. मीटर पळत नसतं. मीटर हा गरीब प्राणी आहे. घरात दुसरंच काहीतरी पळत असतं, हा बिचारा दारात बसून मोजत असतो आणि शिव्या मात्र ह्याला.

हे नानांना फोनवर सांगून उपयोग नव्हता. स्कूटर काढली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून दोनेक आठवडे होते. खानदेशात त्या दिवसांत ऊन कसं असतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आमच्याकडे पापड वाळत घालत नाहीत, उन्हाला नुसते दाखवून आत घेतात. कावळे उडायचे सोडून भिंतीच्या कडेकडेने चालत जातात. दुपारी सावलीसुद्धा माणसाच्या पायाखाली शिरून बसते आणि लवकर बाहेर येत नाही. मी जळगावहून बर्फ टाकून घेतलेलं पाणी धरणगावात शिरेपर्यंत चहाच्या लायकीचं झालं होतं. पत्ती आणि साखर नव्हती म्हणून प्यावं लागलं.

नाना दारातच उभे. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, त्यामुळे कुठलंही यंत्र आपल्याला फसवतंय असा त्यांचा कायमचा संशय. मागे त्यांच्या मंडळी, अक्का. हातात ताक. चेहऱ्यावर, का कोण जाणे, पोलिस आल्यासारखी काळजी.

"आधी ताक घ्या," अक्का म्हणाल्या. "मीटर कुठे जात नाही."

"तेच तर म्हनस मी, जास!" नाना ओरडले.

मीटर तपासायची सगळ्यात सोपी रीत तुम्हालाही सांगतो. त्याला वायरमन लागत नाही. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. घरात वीज खर्च होते तसा तो लुकलुकतो. खर्च जास्त तर घाईने, कमी तर सावकाश. घरातली सगळी बटणं बंद करायची, फ्रिजचीसुद्धा, आणि दिव्यासमोर उभं राहायचं. दिवा थांबला तर मीटर शहाणं आहे. लुकलुकत राहिला तर घरात कुठेतरी काहीतरी चालू आहे, नाहीतर वायरिंगमधून वीज गळते आहे.

नानांनी बटणं बंद केली. पंखे, फ्रिज, टीव्ही, टीव्हीखालचा तो डबा, जो टीव्ही बंद असला तरी रात्रंदिवस चरत असतो, तोही. खालचं घर चिडीचूप झालं.

लाल दिवा मात्र लग्नातल्या रोषणाईसारखा नाचत होता.

"पाहा!" नाना म्हणाले. "काहीच चालू नाही, तरी पयस."

असं म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत होते. अक्का तर स्वयंपाकघरात दिसेनाशा झाल्या. चाळीस वर्षं मी ग्राहकांचे चेहरे वाचले आहेत. मीटरपेक्षा ते जास्त खरं रीडिंग देतात.

मी पिशवीतून टंगटेस्टर काढला. हे खेकड्याच्या नांगीसारखं हत्यार. वायर कापायची नाही, सोलायची नाही. नुसती नांगीत धरली की आतून किती वीज चालली आहे ते आकड्यात सांगतं. एकेक वायर धरत गेलो. खालच्या खोल्यांच्या वायरी थंड पडलेल्या. एकच वायर जिन्याच्या कडेने वर चालली होती आणि तिच्यात वीज भरलेली.

"वर काय आहे नाना?"

"वर? वरती खोली शे. बंद ऱ्हास." मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "लिंबं संपी ग्यात! सरबताले लिंबं आनतो." आणि त्या उन्हात, जिथे कुत्रंसुद्धा गटारीतून बाहेर यायला तयार नव्हतं, नाना चपला न घालता बाजाराकडे निघाले. थोडं पुढे जाऊन चपलांसाठी परत आले आणि पुन्हा गेले.

मी जिना चढलो. वरच्या दाराला कुलूप. आणि दाराच्या खालच्या फटीतून माझ्या पायांच्या अंगठ्यांना दमट वारा लागत होता.

मागून अक्का आल्या. पदराची गाठ सोडली, किल्ली काढली आणि दार उघडलं.

आत एक पलंग. त्यावर कोरी चादर, घडीच्या रेषा अजून न मोडलेल्या. उशाशी लहान मुलाची उशी. खिडक्या घट्ट बंद. आणि पायथ्याला, खोलीच्या पोटात, पत्र्याचा जुना कूलर झोपलेल्या मांजरासारखा घुरघुरत होता. माणूस मात्र कोणी नाही.

"अक्का, हा कधीपासून चालू आहे?"

"पाडव्यापासून."

"कोणासाठी?"

"वैशूसाठी. आखाजीले येनार शे."

वैशाली त्यांची एकुलती एक लेक. धुळ्याला दिलेली, तिथेच शाळेत शिकवते. धुळं काही विलायतेत नाही. सकाळी निघालं तर जेवायला धरणगावात. पण आता तीन वर्षं झाली, ती माहेरी मुक्कामाला राहिलेली नव्हती. उभ्या उभ्या यायची आणि उन्हं कलायच्या आत परत. तिच्या लहान मुलाला ह्या घरात अंगभर घामोळ्या उठत. धुळ्याला सासरी एसी, इथे हा तापलेला स्लॅब.

आणि हा स्लॅबसुद्धा तिच्याच लग्नासाठी घातलेला. आधी घरावर धाबं होतं. लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखातही खाली गोधडी लागायची. पण व्याही काय म्हणतील, म्हणून नानांनी धाबं पाडून स्लॅब टाकला. व्याही काही म्हणाले नाहीत. घर मात्र तापलं.

अक्षय्य तृतीया इतर महाराष्ट्रात सोनं विकायचा दिवस असेल. खानदेशात ती माहेरवाशिणींची असते. गल्लोगल्ली झोके बांधतात, सासरहून आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणतात. ज्या घरची पोर येत नाही त्या घरची आई त्या दिवशी दार पुढे लोटून घेते. गाणी ऐकू येतात ना. अक्कांनी तीनदा दार लोटलं होतं.

"येणार आहे ते ठीक," मी म्हणालो. "पण आत्तापासून कूलर कशाला?"

अक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू वीज कंपनीत असल्या अडाणी माणसाला नोकरी दिलीच कोणी.

"भाऊ, नवा माठ पहिल्या दिवशी पानी गार करस का? मुरावा लागस. मंग खोलीले नको मुराले?"

मी खूप घरं पाहिली आहेत. फ्रिजमध्ये साड्या ठेवणारी बाई पाहिली. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकमेकांच्या तोंडावर सोडून मधे बसणारा व्यापारी पाहिला. पण खोली मुरत घालणारी माउली मी पहिल्यांदा पाहिली. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

कारण ती निम्मी बरोबर होती. भिंती आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते खोलीत ओकतात. एका दिवसाच्या गारव्याने ते निघत नाही, हे कुठल्याही इंजिनिअरने मान्य करावं. चुकलं ते औषध. कूलर हा बाहेरचा कोरडा, तापलेला वारा ओल्या गवतातून ओढतो आणि गार करून आत सोडतो. त्याला पाठीमागून कोरडा वारा हवा आणि समोरून वारा बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीच्या मधोमध ठेवला तर तोच तोच ओला वारा पुन्हा पुन्हा गिळतो. थोड्या वेळात खोली गार होत नाही, नुसती ओली होते. मी चादरीवर हात ठेवला. कुरडयांचा चीक बरा, इतकी दमट.

"नानांना सांगू नका," अक्का म्हणाल्या. "त्यांले बिलाचा धाक शे. ते बंद करतील."

मी मान डोलावली. मग सहज विचारलं, "आणि पाणी किती भरता ह्यात?"

"पाडव्याले भरलं होतं ना. हा कूलर कमी पेस."

आता ऐका. आमच्या भागातला पत्र्याचा कूलर ह्या दिवसांत हत्तीपेक्षा जास्त पाणी पितो. हत्ती निदान मधे सोंड वर करतो. पाडव्याला भरलेली टाकी दुसऱ्या सकाळी कोरडी ठणठणीत पडायला हवी होती. मी वाकून पाहिलं. टाकी काठोकाठ भरलेली. खिडकीजवळ गेलो. एका झडपेची कडी आतून नुसती टेकवलेली. बाहेर सज्ज्याच्या कठड्यावर रबरी पाइप गुंडाळून ठेवला होता, तोंड अजून ओलं.

मी कडी होती तशी टेकवून ठेवली. खाली उतरलो.

नाना तेवढ्यात लिंबं घेऊन आले. दोन लिंबं आणायला त्यांना जितका वेळ लागला त्यात झाड लावून फळ धरलं असतं. मी त्यांना ओट्यावर बाजूला घेतलं.

"नाना, सकाळी अक्का देवळात-बिवळात गेल्या की तुम्ही काय करता?"

नानांनी लिंबं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा पहिल्या हातात घेतली.

"पाइप टाकतो खिडकीतून," ते हळूच म्हणाले. नानांना हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. "पानी नसलं तर मोटर जळी. अन् मोटर जळली तर ती रडी."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे. मग मला मीटर पळतंय म्हणून कशाला बोलावलं?"

"मग काय सांगू? बायको रिकामी खोली गार करस, असं?" मग माझा दंड धरून म्हणाले, "साहेब, तिले सांगू नका, माले माहीत शे म्हनून. अन् कूलर बंद करू नका. स्वस्त करा."

चाळीस वर्षांत माझ्याकडे हजारो तक्रारी आल्या. बंद करा, बदला, कमी करा, साहेबाला सांगा, तुमच्या साहेबाच्या साहेबाला सांगा. 'बंद करू नका, स्वस्त करा' अशी तक्रार ही एकच.

दोन्हीकडची गुपितं खिशात घालून मी ओट्यावर बसलो आणि दोघांना समोर बोलावलं. आवाज कोर्टातला काढला.

"मीटर निर्दोष आहे. आरोपी स्लॅब आहे."

दोघांनी सुटकेचा श्वास टाकला. दोघांचा मिळून इतका मोठा, की कॅलेंडर हललं.

"मंग स्लॅबवर परत माती टाकतो, धाब्यासारखी," नाना उठलेच.

"टाका आणि पावसाळ्यात सगळी पलंगावर उतरवून घ्या. स्लॅबला ते वजन झेपायचं नाही अन् ओलही मुरेल."

"मंग कडबा पसरतो," अक्का म्हणाल्या. "गच्चीभर पेंढ्या."

"अक्का, गच्चीवरून विजेची तार जाते. एक ठिणगी पडली की आखाजीआधी होळी होईल."

मग करायचं काय, ते सांगितलं. गच्चीला चुना द्यायचा. भिजवलेला चुना, त्यात धरून राहायला सुताराचा पांढरा डिंक, आणि झाडूने हात मारायचे, एक वाळला की दुसरा. पांढरं छत ऊन परतवून लावतं, काळवंडलेलं छत ते पितं. काळं छत्रीचं कापड आणि पांढरी टोपी ह्यात जो फरक तोच. दुसरं, कूलर उचलून खिडकीत बसवायचा, पाठ बाहेर, तोंड आत, आणि समोरचा झरोका उघडा. तिसरं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी, केळीच्या रोपवाटिकेवर असते ती. पडदा आतून लावला तर ऊन आधी घरात येतं मग अडतं. बाहेरून अडवलं तर ते येतच नाही. खाली फ्रिज भिंतीला नाक लावून उभा होता, त्याला हातभर पुढे ओढला. त्यालाही मागून श्वास लागतो, नाहीतर तो धापा टाकत रात्रंदिवस चालतो.

"अन् मुरवायचं?" अक्कांनी विचारलं. त्यांचा जीव तिथेच अडकलेला.

"मुरवायचं तर आहेच. पण वाऱ्याने. संध्याकाळी खिडक्या, झरोका, दार, सगळं सताड उघडायचं. भिंतीतलं ऊन रात्रीच्या वाऱ्याने निघू द्यायचं. पहाटे गारवा आत आला की ऊन चढायच्या आत सगळं बंद. रोज. एक दिवसही चुकायचं नाही. कूलर ती आल्यावरच."

अक्कांचा चेहरा उजळला. नुसता कूलर बंद करायला सांगितला असता तर त्यांच्या हातातलं काम गेलं असतं. वाट बघणाऱ्या माणसाच्या हातातलं काम कधी काढून घेऊ नये.

दोन दिवसांनी सकाळीच जाऊन चुना मी स्वतः उभं राहून देववला. नाना झाडू मारत होते, अक्का बादली देत होत्या, आणि दोघं एकमेकांना "इथे राहिलं", "तिथे पातळ झालं" असं बजावत होते. दुपारी ती गच्ची इतकी पांढरी झाली, की वरून जाणारी घार डोळे मिटून गेली. ह्यात अतिशयोक्ती नाही. मी तिला ठेचकाळताना पाहिलं.

आखाजी आली. त्या दिवशी मी जळगावात घरीच होतो. आमच्या गल्लीतही झोका होता. आमची मंडळी होती तोवर दरवर्षी आखाजीला फैजपूरला माहेरी जायची आणि मी आठवडाभर खानावळीच्या नावाने बोटं मोडत तिची वाट बघायचो. आता आखाजीला तसाच एकटा असतो. खानावळही तीच आहे. वाट बघायचं तेवढं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन आला. आवाज दबलेला.

"भाऊ, खोली जरा गरम करता येई का?"

मी फोन कानापासून दूर धरून पाहिला. अक्काच होत्या.

"काय झालं? पोराला घामोळ्या?"

"घामोळ्या कसानी! तो तं रजई मागस."

"मग वैशाली?"

"झोपेल शे." अक्का थांबल्या. "काल धुळ्याहून उनी. मांडे खाल्ले, झनझनीत रसाई खाल्ली, वर गई अन् झोपी गई. उठनी, जेवनी, परत झोपी. म्हनस, आई, असी झोप तीन वरीसमा नई लागनी. आते मी तिले उठाडू कसी?"

"झोपू द्या की. थकली असेल."

"झोपू दे ना. पन सकाय ती जानार शे, भाऊ. तिनासंगे बोलनं व्हतं मनं. ते ऱ्हाईच गयं."

मी आयुष्यात ट्रान्स्फॉर्मर दुरुस्त केले आहेत. वादळात पडलेल्या तारा जोडल्या आहेत. पण एवढी अवघड केस माझ्यासमोर आली नव्हती. काम इतकं चांगलं झालं होतं, की माहेरवाशीण मिळाली आणि हरवली.

"अक्का, दारामागे मेन स्विच आहे. मोठा दांडा. तो खाली ओढा."

"मंग?"

"मग लाईट गेली. जिन्याच्या पायथ्याशी बसा. कूलर थांबला की ती आपोआप खाली येईल. ओट्यावर सावली असेल, तिथे हातपंखा घेऊन बसा."

"अन् तिनी विचारं तं?"

"सगळ्या गल्लीची गेली म्हणा."

पुढचं मला नानांनी सांगितलं, नंतर. अक्कांनी दांडा ओढला. पण शेजारच्या घरात टीव्ही बोंबलत होता आणि समोर पिठाची गिरणी धडधडत होती. सगळ्या गल्लीची लाईट गेली हे पटणार कसं? मग नाना उठले. शेजारी गेले, टीव्ही बंद करायला लावला. समोर गेले, गिरणीवाल्याच्या हातापाया पडून गिरणी थांबवली. पुढे अजून चार घरं पंखे बंद करून, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायला लावली. नाना म्हणतात, त्या दुपारी अर्धं धरणगाव घामाने न्हालं. नाना माझ्यापेक्षा थापाडे आहेत, त्यामुळे अर्धं म्हणजे पाच-सहा घरं धरा.

वैशाली डोळे चोळत खाली आली. ओट्यावर आईच्या शेजारी बसली. अक्कांनी तिचा अंबाडा सोडला, तेल घेतलं, आणि बोलायला लागल्या. नाना आतून ऐकत होते. कोणाचं बाळंतपण, कोणाची सून, शाळेतली हेडबाई, सासूचे गुडघे. वैशाली हसली, मधेच एकदा रडली, पुन्हा हसली. पलीकडे झोक्यावरच्या पोरींनी हाक मारली तर म्हणाली, "थांबा गं, वेणी व्हईस्तोवर." उन्हं कलली तरी कोणी दांडा वर केला नाही. शेवटी गिरणीवालाच येऊन म्हणाला, "अक्का, झालं का बोलून? लोकांना भाकरी खायच्या आहेत."

दुसऱ्या सकाळी वैशाली निघाली. एसटीच्या पायरीवरून वळून बापाला म्हणाली, "नाना, पुढच्या आखाजीला लाईट पहिल्याच दिवशी घालवा. माझी सुट्टी वाया जाते."

हे सांगताना नाना पुन्हा हळू आवाजात बोलले.

बिल खाली आलं. मीटर गरीबच होतं, गरीबच राहिलं. पाणी कोण भरत होतं ते अक्कांना मी सांगितलेलं नाही. त्यांचा कूलर अजूनही कमी पितो.

वीज वाचवायचे उपाय मला लोक अजून विचारतात. चुना, झरोका, बाहेरून जाळी, फ्रिजला हातभर जागा, हे सगळं सांगतो. त्यातच आता एक जोडतो. पोर माहेरी आली असेल तर दुपारी थोडा वेळ मेन स्विच पाडा. युनिटं वाचतात ती वेगळीच.